परवान्याची किल्ली हरवली तर?

शेतीचा सातबारा, उत्पन्नाचा दाखला, विद्यार्थ्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज, किराणा दुकानाचा हिशेब आणि ग्रामपंचायतीची करपावती ही सारी कामे आता संगणकाच्या साहाय्याने होतात. संगणक विकत घेताना त्याची किंमत, बनावट आणि हमीचा काळ यांची चौकशी आपण आवर्जून करतो. परंतु त्या यंत्राला कामाला लावणारी जी आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, तिच्या परवान्याची चौकशी क्वचितच केली जाते. यंत्र बिघडले आणि पडद्यावर पंचवीस अक्षरांची किल्ली मागणारी चौकट उमटली, म्हणजे मग त्या परवान्याची आठवण होते. अशा वेळी काय करावे आणि काय करू नये, याची माहिती सर्वसामान्य वापरकर्त्यास असणे अगत्याचे आहे.

वाशिम जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी घडलेला प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. जुलै महिन्याचा शेवटचा आठवडा होता. पीक विम्याच्या अर्जांची मुदत संपत आली होती आणि एका लहानशा सेवा केंद्राच्या ओसरीवर सोयाबीन पेरून आलेले तीस-चाळीस शेतकरी कागदपत्रे घेऊन बसले होते. नेमक्या त्याच दिवशी केंद्रातील संगणकाची तबकडी, म्हणजे हार्ड डिस्क, निकामी झाली. दुरुस्ती करणाऱ्याने नवी तबकडी बसविली आणि आपल्याजवळील प्रतीवरून विंडोज प्रणाली पुन्हा चढविली. किल्ली मागण्यात आली, तेव्हा ती कोणालाच सांगता येईना. "दोनशे रुपये द्या, किल्लीवाचून चालू करून देतो," असे दुरुस्ती करणारा म्हणाला. बाहेर माणसे खोळंबली होती. केंद्रचालकाने मान डोलावली.

त्या दिवशीचे काम निभावले. दिवाळीच्या सुमारास मात्र एके सकाळी संगणकातील सर्व धारिका कुलूपबंद झालेल्या आढळल्या आणि त्या सोडविण्यासाठी खंडणी मागणारा मजकूर पडद्यावर झळकला. किल्लीवाचून प्रणाली चालू करणाऱ्या त्या 'जुगाडा'तूनच हा उपद्रव आत शिरला असावा, असे पुढे एका जाणकार अभियंत्याने सांगितले. त्याने आणखी एक गोष्ट दाखवून दिली आणि ती ऐकून केंद्रचालक खिन्न झाला. २०१९ साली रीतसर पावतीनिशी घेतलेल्या त्या संगणकाची अस्सल किल्ली त्याच्या मुख्य पटलावरच, म्हणजे मदरबोर्डवर, नोंदलेली होती. यंत्रासोबत 'होम' आवृत्तीचा परवाना आलेला होता आणि दुरुस्ती करणाऱ्याने 'प्रो' आवृत्ती चढविली होती. म्हणून किल्ली मागितली गेली. मूळची आवृत्ती चढविली असती, तर काहीही न विचारता प्रणाली चालू झाली असती. ज्या हक्काचे पैसे त्याने एकदा मोजले होते, तो हक्क केवळ माहितीअभावी त्याच्या उपयोगी पडला नाही.

किल्ली आणि हक्क

परवाना आणि त्याची किल्ली या दोन भिन्न गोष्टी होत. परवाना हा देणारा आणि घेणारा यांच्यामधील करार आहे, तर किल्ली ही त्या कराराची खूण आहे. खूण हरविली म्हणून करार नाहीसा होत नाही. त्याचप्रमाणे, खोटी खूण हाती आली म्हणून हक्कही निर्माण होत नाही.

वाशिमकरांना हा भेद समजावून सांगण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटक घराण्याच्या एका शाखेची राजधानी. याच नगरात १९३९ साली राजा द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला. राज्यारोहणाच्या ३७ व्या वर्षी त्याने आकासपद्द नावाचे गाव दान दिल्याची नोंद त्यावर आहे. गावाच्या उत्पन्नाचा हक्क राजाने दिला आणि त्याचा पुरावा म्हणून तांब्याचे पत्रे घेणाऱ्याच्या हाती ठेवले. हे हक्क विनाअट असत, असेही नाही. वाकाटक नृपती द्वितीय प्रवरसेन याचा ताम्रपट अमरावती जिल्ह्यातील चम्मक येथे मिळाला आहे. राज्याशी द्रोह न करणे, चोरी न करणे, इतर गावांना उपद्रव न देणे अशा अटी त्यात घालण्यात आल्या असून, त्या मोडल्यास गाव काढून घेणे हा राजाचा अपराध ठरणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. आजच्या परवान्यातील बारीक अक्षरांतील कलमांचे हे दूरचे पूर्वज म्हणावे लागतील.

ताम्रपट नष्ट झाला तर काय, याचेही उत्तर भारतीय इतिहासात सापडते. सातव्या शतकात कामरूपाचा राजा भास्करवर्मा याच्या काळात एका जुन्या दानाचे पत्रे आगीत जळाले. राजाने ते दान कायम ठेवून नवे पत्रे करवून दिले आणि अक्षरांचे वळण वेगळे दिसले तरी हे पत्रे बनावट समजू नयेत, अशी नोंदही त्यावर करविली. हा लेख निधनपूरचा ताम्रपट म्हणून प्रसिद्ध आहे. याउलट, त्याच शतकातील सम्राट हर्षाच्या मधुबन ताम्रपटात, बनावट पत्र्याच्या आधारे गाव उपभोगणाऱ्याचा पत्रा मोडून ते गाव दुसऱ्यास दिल्याची हकिकत आहे. ज्याने हक्क दिला त्याच्याकडे जाऊन नवी खूण मागावी आणि बनावट खुणेच्या वाटेला जाऊ नये, हा या दोन लेखांचा बोध संगणकाच्या परवान्यासही तंतोतंत लागू पडतो.

परवान्यांचे प्रमुख प्रकार

किल्ली शोधण्यापूर्वी आपला परवाना कोणत्या प्रकारचा आहे, हे समजून घेतले पाहिजे. स्थूलमानाने त्याचे चार प्रकार पडतात.

पहिला प्रकार यंत्रासोबत येणाऱ्या परवान्याचा. हा परवाना त्या यंत्राशी जखडलेला असतो. यंत्र भंगारात गेले म्हणजे परवानाही संपतो आणि तो दुसऱ्या यंत्रावर नेता येत नाही. दुसरा प्रकार स्वतंत्रपणे विकत घेतलेल्या परवान्याचा. जुन्या यंत्रावरून काढून टाकल्यानंतर तो सामान्यतः नव्या यंत्रावर वापरता येतो, मात्र एका वेळी एकाच यंत्रावर. तिसरा प्रकार संस्थेसाठी घेतलेल्या सामूहिक परवान्याचा. महाविद्यालये, बँका, मोठी कार्यालये असा परवाना घेतात. त्याची किल्ली एकच असली तरी यंत्रांची संख्या ठरलेली असते आणि कर्मचाऱ्याने ती घरच्या संगणकासाठी वापरणे हा करारभंग होय. चौथा प्रकार वर्गणीचा. विषाणूरोधक आज्ञावल्या आणि अलीकडच्या अनेक कार्यालयीन आज्ञावल्या ठरावीक मुदतीसाठी मिळतात आणि मुदत संपल्यावर नूतनीकरण करावे लागते.

हरवलेली किल्ली कोठे शोधावी?

शोध क्रमाने घ्यावा. घाईने तबकडी कोरी करणे, ज्यास बोलीभाषेत 'फॉरमॅट मारणे' म्हणतात, ही सर्वांत मोठी चूक होय. यंत्र चालू असेल तर आधी परवान्याची माहिती टिपून घ्यावी आणि मगच पुढील दुरुस्तीस हात घालावा.

प्रथम यंत्राचे अंग तपासावे. विंडोज सातच्या काळापर्यंतच्या संगणकांवर अस्सलतेचे प्रमाणपत्र चिकटविलेले असे आणि पाच-पाच अक्षरांच्या पाच गटांत किल्ली त्यावर छापलेली असे. ही अक्षरे हाताच्या घर्षणाने पुसली जातात. म्हणून ज्यांची चिकटपट्टी अजून शाबूत आहे, त्यांनी आजच तिचे छायाचित्र घेऊन ठेवावे.

२०१२ मध्ये विंडोज आठ आल्यापासून मोठ्या उत्पादकांच्या यंत्रांत किल्ली मुख्य पटलावरच साठविली जाऊ लागली. अशा यंत्रावर मूळची आवृत्ती पुन्हा चढविल्यास प्रणाली ती किल्ली स्वतःच वाचते. दुरुस्तीस देताना "मूळची आवृत्ती कोणती होती?" हा एक प्रश्न विचारला, तरी सेवा केंद्रावर आला तसा प्रसंग टळू शकतो.

विंडोज दहापासून परवान्याची नोंद यंत्राच्या रचनेशी जोडून उत्पादकाच्या दप्तरी ठेवण्याची पद्धत आली. २०१६ पासून ही नोंद वापरकर्त्याच्या खात्याशीही जोडता येते. पुढे एखादा भाग बदलला तरी खात्यात प्रवेश करून परवाना पुन्हा चालू करण्याची सोय तीत आहे. येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. विंडोज दहाची नेहमीची सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आली आहे. त्यामुळे जुन्या यंत्राची किल्ली शोधत असतानाच, त्या यंत्रावर पुढील आवृत्ती चालेल काय, याचाही विचार करावा.

चालू संगणकातून किल्ली वाचून दाखविणाऱ्या छोट्या आज्ञावल्याही मिळतात. परंतु सामूहिक परवान्याच्या बाबतीत बहुधा शेवटची पाच अक्षरेच हाती लागतात. शिवाय, अनोळखी ठिकाणाहून उतरविलेली अशी आज्ञावली चालविणे म्हणजे चोराच्याच हाती घराच्या किल्ल्या मोजावयास देण्यासारखे आहे. आपल्या मालकीच्या किंवा आपल्या ताब्यात रीतसर दिलेल्या यंत्राखेरीज अन्यत्र हा प्रयोग करू नये.

यानंतर कागदपत्रांचा शोध घ्यावा. खरेदीची पावती, आज्ञावलीची पेटी, तबकडीचे वेष्टन आणि खरेदीच्या सुमारास आलेले ई-मेल ही चार ठिकाणे पाहावीत. एवढे करूनही किल्ली न मिळाल्यास विक्रेत्याशी आणि नंतर उत्पादकाच्या ग्राहक सेवेशी संपर्क साधावा. पावती, यंत्राचा अनुक्रमांक, खरेदीची तारीख आणि नोंदविलेला ई-मेल वा भ्रमणध्वनी क्रमांक ही माहिती हाताशी असेल, तर किल्ली पुन्हा मिळण्याची शक्यता पुष्कळ असते. पावती नसल्यास मात्र उत्पादक नकार देऊ शकतो. म्हणूनच किल्लीपेक्षाही पावती अधिक जपली पाहिजे.

मराठी अक्षरांचे कुलूप

मराठी मुद्रण व्यवसायाच्या दृष्टीने या विषयाला आणखी एक बाजू आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी छापखाने, वृत्तपत्रे आणि कार्यालये पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा तत्सम आज्ञावल्या वापरीत. श्रीलिपीसोबत संगणकाच्या पाठीमागे जोडावयाचे एक छोटे कुलूप मिळत असे. त्यास डोंगल म्हणतात. ते जोडले नसेल तर आज्ञावली चालत नाही. हे कुलूप मोडल्यास मोडलेला भाग परत करून बदलून मागता येतो. ते हरविल्यास मात्र अनेक उत्पादक नवा परवाना घ्यावयास सांगतात, कारण हरविलेले कुलूप दुसऱ्या कोणाच्या हाती चालू राहू शकते.

जुन्या अक्षरपद्धतीतील मजकूर योग्य ती अक्षरे नसलेल्या यंत्रावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. ज्या संस्थांकडे अशा पद्धतीतील स्मरणिका, इतिवृत्ते, लग्नपत्रिकांचे नमुने वा पुस्तके साठविलेली आहेत, त्यांनी कुलूप चालू आहे तोवरच ती युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावीत.

कायदा काय सांगतो?

प्रताधिकार अधिनियम १९५७ सालचा आहे. १९८४ च्या सुधारणेने संगणक आज्ञावलीचा समावेश त्यातील साहित्यकृतींत करण्यात आला. कादंबरी आणि हिशेबाची आज्ञावली कायद्याच्या एकाच छत्राखाली आल्या, ही कलाशाखेच्या पदवीधरास मोठी गमतीची वाटणारी गोष्ट आहे. परंतु तिच्यातील तत्त्व सोपे आहे. पुस्तक विकत घेणारा त्या प्रतीचा धनी होतो, लेखकाच्या हक्काचा नव्हे. २ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंजिनिअरिंग ॲनालिसिस या कंपनीच्या प्राप्तिकरविषयक प्रकरणात निर्णय देतानाही हाच भेद मानला. अंतिम वापरकर्त्यास प्रत वापरण्यापुरती मर्यादित मुभा मिळते, मूळ प्रताधिकार त्याच्याकडे येत नाही.

उल्लंघन करणारी प्रत आहे हे ठाऊक असूनही ती संगणकावर वापरणे हा कलम ६३-ख अन्वये गुन्हा आहे. त्यास किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. वापर व्यापारासाठी वा लाभासाठी नसेल, तर न्यायालय कारणे नमूद करून कारावास न देता ५० हजारांपर्यंत दंड करू शकते. २०१२ मध्ये आलेल्या कलम ६५-क नुसार, हक्कभंग करण्याच्या हेतूने आज्ञावलीचे संरक्षक कुलूप फोडणे हाही दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड यांस पात्र असा गुन्हा ठरतो.

हाच कायदा प्रामाणिक वापरकर्त्यास संरक्षणही देतो. कलम ५२ अन्वये, आज्ञावलीची प्रत कायदेशीररीत्या बाळगणाऱ्यास ती हरविणे, नष्ट होणे वा बिघडणे यांपासून बचाव म्हणून राखीव प्रत करून ठेवता येते. ही सवलत अनेकांना माहीत नसते आणि म्हणून तिचा लाभही घेतला जात नाही.

अतिशय स्वस्त किल्ल्यांविषयीही सावध राहिले पाहिजे. हजारो रुपये किमतीचा परवाना दोन-तीनशे रुपयांत मिळतो, तेव्हा ती किल्ली बहुधा एखाद्या संस्थेच्या सामूहिक परवान्यातून बाहेर पडलेली असते. ती आज चालते आणि उत्पादकाच्या ध्यानात आल्यावर उद्या बंद पडते. किल्लीवाचून प्रणाली उघडून देणाऱ्या 'क्रॅक'चा धोका तर त्याहून मोठा. २०१८ पासून आढळणारा 'स्टॉप' हा खंडणीखोर विषाणू मुख्यतः अशाच क्रॅकमधून पसरत आला आहे.

फुकटच्याही अटी

परवान्याचा खर्च परवडत नसेल, तर गैरमार्ग हाच एक पर्याय उरतो असे समजण्याचे कारण नाही. कार्यालयीन कामासाठी लिबर ऑफिस, यंत्रप्रणाली म्हणून लिनक्स आणि तिचीच सी-डॅकने तयार केलेली बॉस ही भारतीय आवृत्ती विनामूल्य उपलब्ध आहेत. केंद्र शासनाने २०१५ साली मुक्त स्रोत आज्ञावलींचा अवलंब करण्याविषयी धोरणही जाहीर केले आहे. मराठी अक्षरांसाठी मुंबईच्या एक टाइप या संस्थेने घडविलेली मुक्ता आणि बलू ही वळणे मुक्त परवान्याखाली कोणालाही वापरता येतात.

तथापि, यांनाही परवाना असतो आणि त्याच्या अटी असतात. एखाद्या मुक्त आज्ञावलीत फेरबदल करून ती इतरांस दिल्यास बदललेला स्रोतही द्यावा लागतो, अशी जीपीएल या प्रसिद्ध परवान्याची अट आहे. काही आज्ञावल्या घरगुती वापरासाठी फुकट आणि धंद्यासाठी सशुल्क असतात. विद्यार्थ्यासाठी सवलतीत घेतलेली आज्ञावली वडिलांच्या दुकानातील हिशेबासाठी वापरणे अशा अटींत बसत नाही. म्हणून 'फुकट' हा शब्द दिसताच अटी वाचण्याची सवय लावून घ्यावी.

नोंदवहीतील एक पान

या साऱ्या अडचणींवरील उपाय अगदी साधा आणि जुना आहे. प्रत्येक कार्यालयात टेबल, खुर्ची, कपाट यांची नोंद जडसंग्रह नोंदवहीत होते. त्याच शिस्तीने आज्ञावलीच्या परवान्यासाठी नोंदवहीत एक पान राखून ठेवावे. आज्ञावलीचे नाव व आवृत्ती, परवान्याचा प्रकार, ती कोणत्या यंत्रावर आहे, पावतीचा क्रमांक व तारीख, विक्रेता, नोंदविलेला ई-मेल आणि मुदत असल्यास तिची अखेर, एवढे रकाने पुरेसे आहेत. किल्लीची प्रत मात्र उघड्या पानावर न लिहिता पावतीसह बंद पाकिटात घालून जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात ठेवावी आणि दुसरी प्रत अन्यत्र सुरक्षित ठेवावी.

नोंदणी करताना कर्मचाऱ्याचा खासगी ई-मेल देऊ नये. संस्थेचा ई-मेल द्यावा. संबंधित कर्मचारी बदलून गेला किंवा निवृत्त झाला, की खासगी खात्यातील परवाने त्याच्याबरोबरच जातात, असा अनुभव आहे. कार्यभार सोपविताना कपाटाच्या किल्ल्यांची ताबापावती होते, त्याच वेळी या पाकिटाचीही व्हावी. यंत्राचे निर्लेखन करताना त्यावरील परवाना दुसरीकडे नेता येण्याजोगा आहे काय, हे आधी पाहावे.

वर उल्लेखिलेल्या सेवा केंद्रात आता असे पान उघडण्यात आले आहे. मूळची आवृत्ती नव्याने चढविण्यात आली आणि अभियंत्याने सांगितल्याप्रमाणे ती किल्ली न मागता चालू झाली. कुलूपबंद झालेल्या धारिका मात्र परत मिळाल्या नाहीत. त्यांत अनेक कुटुंबांच्या कागदपत्रांच्या प्रती होत्या आणि त्या सर्वांना नव्याने बोलवावे लागले. केंद्रचालकाने त्यांना झाला प्रकार लपवून न ठेवता सांगितला, ही त्याच्या सचोटीची गोष्ट होय. आपल्या माहितीचा गैरवापर झाल्याचा संशय आल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार करता येते, हेही त्याने त्या कुटुंबांना सांगितले.

तांब्याचा पत्रा शतकानुशतके टिकला, कारण जपण्यासारखा आहे हे तो घेणाऱ्यास ठाऊक होते. आजचा हक्क कागदाच्या एका पावतीत आणि पंचवीस अक्षरांत सामावलेला असतो. ती पावती आज रात्री शोधून काढावी, तिचे छायाचित्र घ्यावे आणि घरातील महत्त्वाच्या कागदांसमवेत ठेवून द्यावी. पुढच्या हंगामात ओसरीवर माणसे खोळंबलेली असताना याच कामाचे मोल कळून येईल.